सोमवारचं जू

धुरपता बसत नसे.

अमकी बाई घटकाभर बसत नाही असं आपण सहज म्हणतो, म्हणजे ती सारखी कामात असते. तसं नव्हे. ती खरोखरच बसत नसे. भाकरी हातावर घेऊन उभ्यानं खायची. झोपायची भिंतीला पाठ लावून, एका हातानं खिडकीचा गज नाहीतर दाराची कडी धरून. गुडघे आपोआप दुमडले की दचकून जागी व्हायची आणि काहीतरी निसटत असल्यासारखी मूठ आवळायची.

तिच्या मुलीनं, सिंधूनं, मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "उगी काहीतरी सांगू नकोस. माणूस आहे की घोडा?"

"बैल म्हणत्यात तिला," सिंधू म्हणाली. "बांधकामावर बैलबाईच म्हणत्यात. मुकादमाला तिचं नाव बी मालूम न्हाई."

लातूर जिल्हा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. उस्मानाबादपासून सुटलो म्हणून पेढे वाटून झाले होते आणि जिकडे बघावं तिकडे कचेऱ्या नि साहेबलोकांची घरं उठत होती. पाऊस त्याही साली हात आखडून पडला होता, त्यामुळे उदगीर, निलंग्याकडची माणसं घमेली वाहायला लातुरात येऊन पालं ठोकून राहत होती. मी औशाच्या रस्त्यावरच्या मिशनच्या लहानशा दवाखान्यात मेट्रन होते. नांदेडला बी.ए. करून मग नर्सिंगला गेलेली बाई म्हणून लोक मला जरा वचकून असत, आणि ते मला सोयीचं होतं.

सिंधू आईला अक्षरशः ओढत घेऊन आली होती. धुरपताचं अंग बाहेर येत होतं. कष्टाच्या बायकांना हे होतं, आणि त्या ते सांगत नाहीत. हिनंही सांगितलं नव्हतं. कित्येक वर्षं फडकं घट्ट आवळून बांधायचं आणि वर सिमेंटचं घमेलं घेऊन शिडी चढायची. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि हात धुताना मला हळूच म्हणाल्या, "ही चालते कशी?"

ऑपरेशनच्या टेबलावर तिला निजवणं हाच एक मोठा उद्योग झाला. निजली, पण टेबलाची कड सोडेना. भूल चढून बोटं सैल पडली तेव्हा त्या गुंगीतही तिनं अशी किंकाळी फोडली की बाहेर ओळीत बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी बरीच वर्षं किंकाळ्या ऐकलेल्या होत्या. ही वेगळी होती. स्वतःच्या दुखण्याची नव्हती. दुसऱ्या कुणाला तरी हाक मारल्यासारखी होती.

वॉर्डात आल्यावर दुसरंच सुरू झालं. आमच्याकडे दुपारी सगळं निपचित होई. पत्रा तापलेला, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, अशा वेळी धुरपता खाटेवरून मान वळवायची, खाली फरशीकडे बघायची आणि सावकाश म्हणायची, "हाव. धरलंय."

थोड्या वेळानं पुन्हा. "हाव हाव, धरलंय म्हणते ना."

शेजारच्या खाटेवरच्या कमलम्मानं खाट बदलून मागितली. निलंग्याकडची बाळंतीण होती, निम्मं कानडी बोलायची. "अक्का, ती खाली कुणाशी बोलते? तिच्या खाटेखाली कुणी तरी हाय. माझं लेकरू तिकडंच बघून रडतंय." मी वाकून खाटेखाली बघितलं. तांब्या होता. मी कमलम्माला झापलं आणि तांब्या बाजूला ठेवला. पण खरं सांगायचं तर पुढं दुपारच्या फेरीत मीही त्या खाटेजवळ आले की पाय जरा उचलूनच टाकत असे.

मग सिंधूला व्हरांड्यात बसवून मी तिला सरळ विचारलं. तिनं सांगितलं ते असं.

बहात्तरच्या दुष्काळात तिचा बाप किशन उदगीरजवळच्या एका गावी मलप्पा अप्पांकडे सालगडी होता. मलप्पा अप्पा लिंगायत, देवभोळे, मनानं चांगले. विहीर तळाला गेली होती. किशन आत उतरून गाळ नि दगड लोखंडी डब्यात भरायचा, आणि मोटेचा जाड दोर, नाडा म्हणतात तो, बैलांच्या जुवाला बांधून धावेवरून डबा वर ओढला जायचा. धाव म्हणजे विहिरीपासून उतरत जाणारी बैलांची वाट. ज्यांनी मोट बघितली आहे त्यांना हे सांगायला नको, पण आता बघितलेली माणसं राहिली कुठं?

सोमवार उजाडला. सोमवार शिवाचा, नंदीचा. त्या भागात लिंगायतांच्या घरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, मग दुष्काळ असो की सुगी. अप्पांनी बैल गोठ्यात ठेवले आणि माणसांनाही म्हणाले, आज राहू द्या. किशन हसला. "बैल बसले म्हून आपुन बी बसायचं व्हय? झरा हाताला आलाय. आज सोडला तर पुन्हा बुजंल." आणि बायकोकडे बघून म्हणाला, "माझी धुरपता हाय ना. दोन बैलांची ताकद हाय तिच्यात."

ती खूश झाली असणार. मी असते तर झाले असते.

तिनं नाडा खांद्यावर घेतला. मागं आणखी दोन बाया. सकाळभर त्या बैलाच्या वाटेनं खाली गेल्या नि वर आल्या. बाप्ये लोक बांधावरून थट्टा करत होते, "ए, चाबूक आणू का?" आणि धुरपता मान डोलवून घुंगरू वाजवल्याचं सोंग करत होती. सिंधू तेव्हा लहान, बाभळीच्या सावलीला बसवलेली. तिला आईचं ते सोंग अजून आठवत होतं. दुपारी त्या दोघी बाया पाणी प्यायला गेल्या. किशननं खालून डबा भरून हाळी दिली. धुरपतानं एकटीनं निम्म्यापर्यंत ओढला. तिथं ती थांबली. टाचा रोवल्या, पाय घसरला म्हणे, आणि धावेवर बसली. क्षणभरच. नाडा हातातून सुटला.

खालून "धर गं" एवढंच आलं.

तिनं पळता नाडा दोन्ही हातांनी धरायचा प्रयत्न केला, त्यात तळहातांची कातडी गेली. ते वळ मी स्वतः बघितले होते. दोन्ही तळहातांवर आडवी, गुळगुळीत, गुलाबी पट्टी होती, रेषा नसलेली.

अप्पांच्या मंडळी, दानम्मा, तिच्या गळ्यात पडून रडल्या आणि रडता रडता म्हणाल्या, "का गं सोमवारी जू मानेवर घेतलंस? ते आता कसं उतरायचं?" शाप द्यायला म्हणाल्या नाहीत. बाई कळवळूनच बोलली होती. पण धुरपताला ते बसलं. तेव्हापासून ती बसली नाही. हात रिकामा झाला की खालून हाक यायची. काम असलं की यायची नाही. म्हणून काम.

"म्या लहान व्हते," सिंधू म्हणाली, "रडत तिच्याजवळ गेले की मला बी उभ्यानंच धरायची. मांडीवर कधी घेतलं न्हाई. मांडीच न्हाई हो तिला."

मी तिला उठून जायला सांगितलं, कारण मला डोळे पुसायचे होते.

त्यानंतर एक-दोन दिवसांतच, भर दुपारी, धुरपता खाटेवरून नाहीशी झाली. सापडली मागच्या विहिरीवर. आमची विहीर खोल गेली होती, नोकरही कंटाळत पाणी शेंदायला. ही शेंदत होती. हौद अर्धा भरला होता आणि लुगडं रक्तानं भिजलं होतं. मी धावले तर म्हणाली, "बाई, हात लावू नगा. भरलेली बादली हाय, अर्ध्यात हाय."

टाके पुन्हा घातले. डॉक्टरीणबाई तिच्या तोंडावर म्हणाल्या, "आता उठलीस आणि हे टाके तुटले, तर माझ्याकडे शिवायला जागा नाही. रक्त जाऊन मरशील. समजलं?"

"समजलं," धुरपता म्हणाली. आणि मला, "बांधून टाका मला."

बांधायचं कसं? मग मला एक युक्ती सुचली. पट्ट्यांचं कापड पिळून मी मनगटाएवढा दोर केला, एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं तिच्या हातात दिलं. "धर," म्हटलं. तिनं धरला, आणि काय सांगू, दोन दिवस हलली नाही. डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली. वॉर्डातून फिरताना मी मुद्दाम तिकडून जात होते.

नीलाबाईला ते आवडलं नाही. नीलाबाई म्हणजे आमची बायबलबाई. म्हातारी, विधवा, निम्मे दात गेलेले. मिश्री सोडणं तिला देवाखातरही जमलं नव्हतं. ती रोज खाटांमधून हिंडून वचनं वाचायची आणि बायकांच्या सासवांच्या तक्रारी ऐकायची.

"मेट्रनबाई," ती म्हणाली, "तुम्ही आराम दिला न्हाई तिला. दोर दिला."

"जगली तर पुरे. तुमचं प्रवचन ती जगल्यावर करा."

"अशी जगून काय करंल? घरी गेल्यावर खिडकी बी संगं देणार का?"

मी गजाची गाठ उगाच आणखी आवळली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

नीलाबाईनं त्या दुपारी स्टूल ओढलं नाही. खाटेला लागून फरशीवरच बसली, बरोबर तिथं, जिथून हाक यायची. आणि कष्टानं वाकलेल्यांना ख्रिस्त जवळ बोलावतो, विसावा देतो, ते वचन वाचलं. धुरपता ऐकत होती. मग फटकन म्हणाली, "विसावा? विसाव्यानंच मारला माझा नवरा."

मी औषधाचा ट्रे तसाच धरून उभी राहिले. हा प्रकार आपण आवरावा असं वाटलं. म्हटलं, "हे बघ धुरपता, तुझा काही दोष नाही. दोर जुना होता. एकटीवर भार टाकायलाच नको होता. कुणाच्याही हातून सुटला असता."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. असं तिला दहा वर्षांत बऱ्याच जणांनी सांगितलेलं असणार.

नीलाबाई म्हणाली, "ह्या शिकलेल्या हायेत, ह्यांचं ऐकू नको. तुझ्याच हातून सुटला."

"नीलाबाई!" मी ओरडले.

"हाव," धुरपता म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "माझ्याच."

"मग हे त्याला सांगितलंस का?"

"कुणाला? किशनला? तो तर रोज..."

"किशन मेला, बाई. मेलेल्याला सांगून तो काय करंल? येशूला सांग. तो मरून उठलाय, त्याला ऐकायला येतंय. आन् माफ करायचा हक बी त्यालाच हाय, तुला न्हाई, मला न्हाई."

"म्या काय बोलू? मला मंत्र येत न्हाई तुमचा."

"मंत्र कशाला? मुकादमाला बोलतीस तशी बोल."

धुरपतानं मूठ आवळली. दोर ताणलेला होता. मग तिनं छताकडे बघून बोलायला सुरुवात केली. प्रार्थना कसली, भांडणच ते. "येशूदेवा, म्या उदगीरकडची धुरपता. मला बैल म्हणत्यात. तू बी म्हणत असशील. म्या बसले. किशन खाली असताना म्या बसले. पाय घसरला असं सगळ्यांना सांगितलं. पाय घसरला न्हाई. म्या थकले व्हते. लई थकले व्हते रे. सकाळधरनं थकले व्हते आन् सांगितलं न्हाई. तो समद्यांम्होरं म्हणला दोन बैलांची ताकद, मग मी कशी सांगणार?"

मग ती रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच बघितलं. सिंधूनंही.

ह्या घटनेला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. आमच्या चर्चच्या मंडळीत उठून साक्ष देणारे बरेच असतात, आणि त्यातल्या निम्म्यांना मी मध्येच खाली बसवलेलं आहे. त्यांचा सगळा अंधार एका संध्याकाळी पळतो. धुरपताचा पळाला नाही. पण मी स्वतः जन्मानं ख्रिस्ती, लहानपणापासून क्षमेची गाणी म्हटलेली, आणि क्षमा म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. मी तिचा दोष काढून घ्यायला निघाले होते. तो काढून घेता येत नव्हता, कारण तो खरा होता. तो खरा आहे असं मान्य करून कुणी तरी तो उचलायला हवा होता. आणि तेवढ्या ताकदीचा आमच्यात कुणी नव्हता.

नीलाबाईनं दोराला हात घातला. "आण इकडं."

"तुला काय धरवतंय म्हातारे? हात थरथरतोय तुझा."

"न्हाई धरवत. मला बी त्यानंच धरलंय, येशूनं. आण."

तिनं दिला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा दोर गजाला लोंबत होता, आणि तिची मूठ पोटावर आवळलेली, रिकामी, घामानं चिंब. ती जागी होती. "हाका मारून राहिलाय," ती दात आवळून म्हणाली. "पर म्या न्हाई धरणार. म्या येशूला सांगितलंय, तू बघ."

पुढचं काही आधीच सांगून टाकते. टाके भरले. ती त्यानंतर बरीच वर्षं जगली, सिंधूचं लग्न उमरीला झालं तेव्हा तिच्याजवळ जाऊन राहिली, निंदायला, वेचायला जात राहिली. पण दिवस कलला की खुरपं खाली ठेवायची. मुकादमीण एकदा म्हणाली, म्हातारे, दमलीस होय? तर ही, "दमले. माणूस हाय," आणि बांधावर बसली. बाप्तिस्म्याच्या वेळी आमचे पाळक शेषेराव साहेब म्हणाले, नवं नाव घ्यायचं असेल तर रूथ घ्या, मार्था घ्या. ती म्हणाली, "नवंच हाय की. धुरपता. दहा वर्सं झाली, कुणी म्हणलंच न्हाई." साहेबांना जरा वाईट वाटलं, त्यांनी मार्था मनाशी पक्कं केलं होतं. हाक मात्र बंद झाली नाही. उन्हाळ्यात, दुपारी, अधूनमधून येतच राहिली. मी उमरीला तिला भेटायला गेले होते तेव्हा विचारलं, काय करतेस मग? म्हणाली, "काय करायचं? ऐकते. रडते कधी. पर उठत न्हाई."

आता तिनं दोर सोडल्यानंतरच्या रविवारकडे येते.

आमची उपासना दवाखान्याच्या व्हरांड्यात व्हायची. सतरंजी अंथरायची, त्यावर मंडळी, मागे चालू शकणारे रोगी. धुरपताला उठायची परवानगी त्याच आठवड्यात मिळाली होती. सिंधूच्या खांद्यावर हात ठेवून ती आली आणि सवयीनं दारापाशी उभी राहिली, चौकटीला धरून. उन्हाची झळ व्हरांड्यात येत होती. शेषेराव साहेबांनी प्रार्थना केली आणि सगळे खाली बसले. ती उभीच.

मी तिच्या पायांकडे बघत होते. उपासनेत डोळे मिटलेले असावेत हे मला ठाऊक आहे. ती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होती. नीलाबाईनं सतरंजीवर थोडी सरकून जागा केली, पण बोलावलं नाही. सिंधूही बसली आणि मान खाली घालून राहिली. तिनं वर बघितलं असतं तर बहुतेक सगळं फिसकटलं असतं.

धुरपतानं चौकट सोडली. भिंतीला पाठ घासत, अगदी सावकाश, एखादं भरलेलं भांडं खाली ठेवावं तशी ती खाली आली. फरशीला टेकली तेव्हा तिनं डोळे गच्च मिटले आणि तिचा चेहरा असा झाला की आता खालून कुणी तरी ओरडणार. मला वाटतं, ओरडलंही असावं. तिचे दोन्ही हात एकदम उचलले गेले, हवेत काहीतरी पकडल्यासारखे. मी अर्धी उठले. सिंधूनं वर बघितलं, आणि कुणाला काही कळायच्या आत आडवी होऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढी थोरली, लग्नाची पोरगी.

ते हात थोडा वेळ तसेच अधांतरी राहिले. मग एक पोरीच्या केसांवर आला. दुसरा नुसताच बाजूला सतरंजीवर पडला, उताणा.

साहेब बोलत होते. ते नेहमीच लांबण लावत. काही वेळानं घोरण्याचा आवाज आला, चांगला खणखणीत, बाप्याला शोभेल असा. सगळ्यांनी माना वळवल्या. धुरपताची मान एका खांद्यावर कलली होती, तोंड उघडं होतं, पदर घसरला होता. कमलम्मा तोंडावर हात ठेवून हसली. पुढच्या ओळीतले एक बुजुर्ग उठले, तिला जागं करायला. मी त्यांचा सदरा मागून धरला आणि त्यांना खाली बसवलं.

प्रवचन संपलं. साहेबांनी गीतांचं पुस्तक उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. पेटी वाजवायचं काम माझ्याकडे होतं.

मी मान हलवली. नाही.

साहेब पुटपुटले, "मेट्रनबाई, शेवटच्या गीताशिवाय उपासना संपत नाही."

"मग संपवू नका," मी म्हटलं.

त्यांनी तिच्याकडे बघितलं, पुस्तक मिटलं आणि तेही बसले.